मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तर म्हटलं की डोळ्यांपुढे खडू, फळा आणि बाकं येतात. या मास्तरांचा त्यातल्या कशाशीच संबंध नव्हता. ते गाडी चालवायला शिकवायचे. त्यांचा वर्ग म्हणजे एक पांढरी, जागोजागी पोचे आलेली मोटार, आणि विद्यार्थी एका वेळी एकच. तरी लहानथोर सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, आणि का म्हणू नये? शाळेतल्या मास्तरांचं शिकवणं फसलं तर पोराचं एक वर्ष वाया जातं. यांचं फसलं तर काय वाया जाईल ते बोलायलाच नको.

शिकवायच्या गाडीला असतात तसे त्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. आतून ते एकमेकांना जोडलेले, म्हणजे मास्तरांनी आपला दाबला की शिकणाऱ्याचाही आपोआप खाली जायचा. मास्तरांचा उजवा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर इतकी वर्षं अधांतरी राहिला होता की घरी खुर्चीत बसून चहा पितानाही त्यांची टाच टेकलेली आणि चवडा उचललेला असायचा. पाहुणे विचारायचे, पाय दुखतोय का. बायको सांगायची, नाही हो, ते आता खुर्ची थांबवतायत.

त्यांची शिकवायची एक रीत होती. पहिले काही दिवस ते भरपूर बोलायचे. मग हळूहळू कमी बोलायचे. आणि मग एके दिवशी, गाडी भर रस्त्यात चालू असताना, वाकून चपला काढायचे आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. झालं, शिकवणी संपली. ‘मास्तरांनी मांडी घातली’ असं कोणी घरी जाऊन सांगितलं की घरच्यांना कळायचं, याला आता गाडी येते. लायसन्स काय, ते नंतर मिळायचंच.

अशी मांडी त्यांनी बेकरीवाल्यासाठी घातली होती, पोस्टातल्या बाईंसाठी घातली होती, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंसाठी घातली होती. राहून गेलं होतं ते एकच माणूस, आणि ते म्हणजे मास्तरांची बायको. लग्नानंतरच्या नवलाईच्या दिवसांत एकदा प्रयोग झाला होता. मास्तर म्हणाले, “क्लच सोड.” तिने सोडला. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. “हळू सोडायचा असतो.” “हळू म्हणाला नाहीत.” “ते काय सांगावं लागतं?” त्यावर बाई दार उघडून उतरल्या आणि तरातरा चालत घरी गेल्या. मास्तर मागून पोचले तेव्हा ती भाजी चिरत होती, आणि सुरीचा वेग पाहून त्यांनी तो विषय जो बंद केला तो केलाच. परक्यांशी बोलताना या माणसाच्या जिभेवर साखर असायची, पण घरच्या माणसाला शिकवायला बसलं की भल्याभल्यांचा तोल जातो.

ती पडदे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या दांड्या. सगळे तिला पडदेवाली म्हणूनच ओळखायचे आणि तिला त्याचा अभिमान होता. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, आणि पडदे शिवून झाले की स्वतः जाऊन टांगायची. दुसऱ्याने टांगलेला पडदा तिला बघवायचा नाही. चुण्या एकीकडे गोळा, खालची कड तिरपी, ती म्हणायची, यापेक्षा वर्तमानपत्र चिकटवा. तिची ने-आण मास्तरच करायचे. ती वर जाऊन स्टुलावर चढायची आणि मास्तर खाली गाडीत पेपर वाचत बसायचे. असा त्यांचा संसार छान चालला होता.

मग दुखणं आलं. पोटात दुखतंय, पोटात दुखतंय म्हणत मास्तरांनी बरेच दिवस चालढकल केली. शेवटी तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतापर्यंत जाऊन पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. बोलायच्या आधी त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“मास्तर, तुम्हीच मला शिकवलंत, वळायच्या आधी इंडिकेटर द्यायचा, वळून झाल्यावर नाही. म्हणून आत्ताच सांगते. हा बरा होणारा आजार नाही. औषधांनी थोडे महिने वाढतील, दुखणं कमी होईल. पण वर्ष धरून चालू नका.”

मास्तरांनी मान हलवली आणि म्हणाले, “इंडिकेटर व्यवस्थित दिलात.” बाहेर आल्यावर मात्र त्यांना गाडीची किल्ली खिशात सापडेना. ती हातातच होती.

औषधं सुरू झाली आणि अंगातलं त्राण गेलं. मास्तरांनी गाडीच्या टपावरचा शिकवणीचा बोर्ड उतरवून माळ्यावर टाकला. मग दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोण गाडी कशी वळवतो ते बघून मनातल्या मनात चुका काढायच्या, एवढंच काम उरलं. चार लोक भेटायला येत, धीर देत, पपई खा म्हणत, पपई खाऊ नका म्हणत. माणूस आजारी पडला की सगळ्या जगाला डॉक्टरकी येते. मास्तर सगळ्यांना हो म्हणत, पण त्यांचं लक्ष नसायचं. उठायचं कशासाठी हेच त्यांना सकाळी कळेनासं झालं होतं.

लेक दूरच्या शहरात होती. तिचा रोज फोन यायचा, आणि मास्तर तो स्पीकरवर ठेवून बोलायचे. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, “बाबा, आईची काळजी करू नका. नंतर मी तिला इकडेच घेऊन येईन. इथे आम्हाला एक खोली जास्तीची आहे.” लेकीचं काही चुकलं नव्हतं. पण मशीनवर बसलेल्या पडदेवालीचा पाय थांबला, आणि बराच वेळ थांबलेलाच राहिला. त्या जास्तीच्या खोलीत दोन खिडक्या होत्या, आणि दोन्हींना पडदे आधीच होते.

दुसऱ्या दिवशी एका घरी पडदे पोचवायचे होते. मास्तरांना आदल्या दिवशीच सलाइनमधून औषध दिलेलं, गाडी चालवायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. तिने टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाल्याने त्या लांबच लांब दांड्या पाहिल्या आणि म्हणाला, बाई, हे माझ्या गाडीत मावायचं नाही, सीट फाटेल. तो गेला. दुसरा आला, तोही गेला. पडदेवाली फाटकाशी उभी, एका हातात गठ्ठा, दुसऱ्या हातात दांड्या, आणि शेजारी उभी असलेली आपली पांढरी गाडी जणू तिथे नाहीच. मास्तर खिडकीतून बघत होते.  आपल्यामागे ही अशीच उभी राहणार, चार वेळा उभी राहील, पाचव्या वेळी मशीन विकून लेकीकडे जाईल आणि लोकांच्या खिडक्यांऐवजी घड्याळाकडे बघत बसेल. हे त्यांना त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की ते भिंतीला धरून उठले, बाहेर आले आणि तिच्या हातात किल्ली दिली.

“बस.”

“कुठे?”

“शेजारच्या सीटवर नको. स्टिअरिंगवर बस.”

“अहो, वेड लागलंय का? तुम्हाला धड उभं राहवत नाहीये.”

“म्हणून तर. भांडायची ताकद नाही. आत्ताच शिकून घे.”

त्या दिवशी पडदे काही पोचले नाहीत. गाडी फाटकातून बाहेर पडली, आचके देत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथून तशीच परत आली. पण मास्तर संध्याकाळी जेवले, आणि बऱ्याच दिवसांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले. पडदेवालीचा जीव भांड्यात पडला.

मग रोजचा परिपाठ सुरू झाला. औषधाचे दिवस सोडले की मास्तर सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. शर्ट आता त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायचा, पण बटणं सगळी लावलेली. आजाराने एक उपकार केला होता. दम पुरायचा नाही, त्यामुळे बोलणं आपोआप कमी झालं, आणि पूर्वी जिथे भांडण पेटलं असतं तिथे आता नुसतं बोटाने दाखवलं जायचं. शिवाय ती मशीनवर बसणारी बाई. पायाने वेग सांभाळणं तिच्या रक्तातच होतं. अर्धा क्लच म्हणजे काय हे मास्तरांना लोकांना समजावताना नाकी नऊ येत. हिला त्यांनी सांगितलं, रेशमी कापडावर मशीन सुरू करतेस तसं. गाडी लोण्यासारखी निघाली.

“हे तेव्हाच सांगितलं असतं तर?” ती म्हणाली.

“तेव्हा मला तुझं मशीन कुठे माहीत होतं?”

“तेव्हा तुम्हाला काहीच माहीत नव्हतं,” ती म्हणाली, आणि आरसा पाहून व्यवस्थित वळली.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला रिपोर्ट पाहिले, मास्तरांकडे पाहिलं. “रिपोर्ट आहेत तसेच आहेत. पण तुम्ही वेगळे दिसताय.” मास्तर म्हणाले, “नोकरी लागलीय.” आणि ते खरंच होतं. माणूस सुखात होता. दुखायचं, उलट्या व्हायच्या, तळपायांना मुंग्या यायच्या, सगळं होतं, पण सकाळी उठायला कारण होतं.

एका गोष्टीत मात्र मास्तर चुकत होते, आणि ती चूक त्यांच्यासारख्या जन्मभर शिकवलेल्या माणसालाच करता आली असती. समोर सायकलवाला आला, कुत्रं आडवं आलं, पुढची गाडी थांबली, की तिचा पाय ब्रेककडे निघायच्या आत मास्तरांचा पाय आपल्या ब्रेकवर पडायचा. हलकेच, कोणाला कळणार नाही असा. तिचा पाय तिथे पोचेपर्यंत ब्रेक खाली गेलेला असायचा, गाडी थांबलेली असायची. आणि मास्तर म्हणायचे, “शाब्बास. वेळेवर दाबलास.”

कितीतरी नवशिक्यांच्या बाबतीत त्यांनी पाय आवरला होता. थोडं चुकू द्यायचं, थोडं घाबरू द्यायचं, त्याशिवाय शिकणं होत नाही, हे त्यांनीच लोकांना सांगितलेलं. पण हिच्या बाबतीत पाय ऐकेचना. उद्यापासून नाही दाबायचा, असं रोज ठरवायचे. उद्या परत तेच.

लायसन्सच्या परीक्षेला मास्तर मैदानाबाहेर उभे राहिले. तोंडचं पाणी पळालं होतं. मैदान मोकळं, वेग बैलगाडीचा, ती पास झाली. आल्यावर म्हणाली, “आज ब्रेक जरा जड लागला हो. घाबरले होते म्हणून असेल.” मास्तर म्हणाले, “असेल.”

“मग आता मांडी कधी घालणार?” तिने विचारलं.

“पोट दुखतं गं मांडी घातली की.”

हे खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. एकदा तिने फारच लकडा लावला तेव्हा त्यांनी घातली. चौकापर्यंत कशीबशी टिकली. चौकात समोरून मोठी बस वळली आणि मास्तरांचा पाय मांडीतून निसटून कधी खाली गेला हे त्यांनाही कळलं नाही. ती हसली. म्हणाली, दुखलं का पोट? मास्तर हो म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

असे काही आठवडे गेले. ती आता रोज गाडी काढायची, पडदे पोचवायची, दांड्या मागच्या खिडकीतून बाहेर काढून त्यांना लाल चिंधी बांधायची. मास्तर शेजारी. मग एक दिवस जळल्याचा वास यायला लागला. तिला आधी वाटलं, बाहेर कोणी टायर जाळतंय. पण वास घरापर्यंत बरोबर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गाडी घेऊन गॅरेजात गेले.

गॅरेजवाला मास्तरांचा जुना दोस्त. त्याला सगळे पान्हा म्हणायचे, कारण हातात पान्हा नसताना त्याला कोणी पाहिलंच नव्हतं. त्याने चाक काढलं, आत डोकावलं आणि कपाळाला हात लावला.

“मास्तर, ब्रेकचे लायनर जळून गेलेत. कोळसा झालाय नुसता. कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकतंय.”

आणि त्याने साहजिकच पडदेवालीकडे पाहिलं. नवशिक्यांची ही खोड त्याला पाठ होती.

“माझ्याकडे काय बघताय भावजी? मी पाय बाजूला ठेवते. यांनीच शिकवलंय तसं. आणि ठेवून बसायची गरजच काय, आमच्या या गाडीचा ब्रेक इतका हलका की पाय टेकायचा अवकाश, आपला आपण खाली जातो.”

“हलका?” पान्हा हसायला लागला. “वहिनी, या खटाऱ्याचा ब्रेक हलका? मी दाबतो तर माझी पोटरी भरून येते.”

हसता हसता तो थांबला. मास्तर स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

पडदेवालीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग ती गाडीत जाऊन बसली. “तुमच्या जागेवर बसा,” ती मास्तरांना म्हणाली. “पाय लावू नका.” तिने ब्रेक दाबला. मग पुन्हा दाबला, जोर लावून. मग ती उतरली. “म्हणजे परीक्षेचा दिवस सोडला तर आजवर मी ब्रेक दाबलाच नाही,” ती म्हणाली. 

मास्तरांना मात्र वेगळ्याच गोष्टीने घाम फुटला होता. ऐन वेळी आपण दाबतो हे त्यांना माहीत होतं. पण लायनर जळेपर्यंत पाय ब्रेकवर पडून होता, हे त्यांना माहीतच नव्हतं. पाय उचललाय असंच त्यांना वाटत होतं. मुंग्या येता येता तळपाय कधी बधिर झाले ते कळलंच नव्हतं. ज्या पायाच्या भरवशावर त्यांनी तिला रस्त्यावर आणलं होतं, तो पाय कुठे आहे हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं.

नवे लायनर बसले.  घरी आल्यावर ती मशीनवर बसली आणि असं मशीन चालवलं की शेजारणीने येऊन विचारावं, लग्नाघरचं काम आहे का. मास्तर समोर स्टुलावर बसून राहिले. माफी मागायची सवय नव्हती. शिकवणाऱ्यांना नसतेच.

शेवटी तिनेच मशीन थांबवलं. “तुम्ही दाबलात त्याचं नाही काही. शाब्बास म्हणालात ना, ते लागलं. मला वाटलं, मला येतंय. मी लेकीला फोनवर सांगितलं, मला येतंय.”

“मला भीती वाटते,” मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या समोरही उच्चारलं नव्हतं. “माझी नाही. तुझी. तू त्या गाडीत एकटी असशील, समोर काहीतरी येईल, आणि मी नसेन. माझा पाय थांबतच नाही गं.”

तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. डोळे पुसले, पदराने नाही, त्याच पडद्याच्या कापडाने, आणि मग कापडाला डाग पडला म्हणून स्वतःवरच चिडली.

“मग आत्ताच होऊ दे ना मला एकटी,” ती म्हणाली. “तुम्ही आहात तोवर. तुम्ही गेल्यावर मी काय विचारू आणि कोणाला विचारू?”

मास्तरांनी पान्ह्याला फोन केला.

पान्ह्याला आधी पटेना. “मास्तर, तुमच्या बाजूचा ब्रेक काढायचा? अहो, ते काढलं तर ती गाडी काय राहिली? साधी गाडी राहिली.”

“तेच हवंय. साधी गाडी.”

“उद्या बरं वाटलं, परत शिकवायला लागलात तर?”

“लेका, तुला खोटं बोलायला जमत नाही. काढ.”

पान्हा गाडीखाली शिरला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या तोंडाला ग्रीस होतं आणि नाक लाल होतं, आणि त्याने सर्दीला दोन शिव्या दिल्या. मास्तरांच्या पायाशी जिथे ब्रेक होता तिथे त्याने पत्र्याचा तुकडा ठोकला आणि वर रबरी मॅट टाकलं. काढलेला ब्रेक फडक्यात गुंडाळून तो मास्तरांना द्यायला लागला. मास्तर म्हणाले, भंगारात टाक.

पडदेवालीने गॅरेजमागच्या मोकळ्या गल्लीत गाडी घेतली आणि ब्रेक दाबून बघितला. “अगंबाई, हा तर दगड आहे.” मग पुढे जा, थांब, पुढे जा, थांब, असं ती पोटरी दुखेपर्यंत करत राहिली. मास्तर शेजारी बसून होते. एकदाही शाब्बास म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे पोचवायचे होते. मागच्या सीटवर गठ्ठे, खिडकीतून दांड्या, दांड्यांना लाल चिंधी. मास्तरांना पाय कुठे ठेवावा तेच समजेना. सवयीने तो परत परत पुढे जायचा. रस्त्यावर वर्दळ होती. ती हळू चालवत होती, दात ओठांवर रोवून. बाजाराच्या रस्त्याला एक मालाची व्हॅन कडेला उभी होती. तिच्या शेजारून जाताना अचानक तिचं दार उघडलं आणि एक माणूस दोन्ही हातांत क्रेट घेऊन थेट रस्त्यावर उतरला.

मास्तरांनी सगळा जीव एकवटून पाय दाबला.

गाडी थांबली. कचकन, इंजिन बंद पडून, पण थांबली. मागचे गठ्ठे घसरून मास्तरांच्या मानेवर आले. क्रेटवाला जागच्या जागी पुतळा झाला होता. त्याच्या आणि गाडीच्या मध्ये एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा होती.

पडदेवालीने काच खाली केली. “काय हो, दार उघडायच्या आधी मागे बघायचं असतं हे घरी कोणी सांगितलं नाही का? क्रेट महत्त्वाचे की जीव? आणि आता बघत काय उभे राहिलात, व्हा बाजूला.” तो माणूस सॉरी ताई, सॉरी ताई करत बाजूला झाला. तिने काच वर केली. मग तिने सवयीने शेजारी पाहिलं.

“तुम्हीच दाबलात ना?”

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय रबरी मॅटवर होता, गुडघ्यात ताठ, अजून दाबत होता. त्यांनी तो मोठ्या कष्टाने उचलला आणि चवड्याने मॅट बाजूला सरकवलं. खाली पत्र्याचा सपाट तुकडा आणि पान्ह्याने ठोकलेले चार खिळे. तिने वाकून ते पाहिलं, आणि पाहतच राहिली. मास्तर हसायला लागले. पोटात कळ येत होती तरी हसत होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होते. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

“थांबा की जरा,” ती आरशात बघून म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

पुढे काही वेळ मास्तरांना वाटत राहिलं, काहीतरी राहून गेलंय, आपण काहीतरी करायचं विसरतोय. मग लक्षात आलं की ते रस्त्याकडे बघतच नाहीयेत. आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालू होती आणि ते बाजूला, वर बघत होते. दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी होती. मोहरीच्या रंगाचा पडदा, पांढरी कड, चुण्या एकसारख्या, खालची रेघ आखल्यासारखी सरळ.

“तो पडदा तुझ्या हातचा वाटतोय,” ते म्हणाले.

“वाटतोय काय? माझाच आहे. तुम्हीच सोडलं होतंत मला इथे. खाली पेपर वाचत बसला होतात.”

“मी कधी वर बघितलंच नाही.”

“कसे बघाल? तुमची नजर सदा रस्त्यावर.”

बेकरीच्या वर निळे होते. पोस्टाच्या शेजारी एका घराला फिकट हिरवे, वाऱ्याने आत-बाहेर होणारे. मास्तर बोट दाखवायचे आणि ती न बघता सांगायची, माझा. कोपऱ्यावरचा एक त्यांनी दाखवला तेव्हा मात्र तिने पुरती गाडी थांबू दिली, डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “छे, तो नाही. चुण्या बघा कशा गोळा झाल्यात.” इतकी वर्षं रोज याच रस्त्यांवरून ते फिरले होते आणि आपली बायको अर्ध्या शहराच्या खिडक्यांत टांगलेली आहे हे त्यांना आज दिसत होतं. हे सगळं इथेच राहणार होतं, आणि ती इथे राहणार होती. मास्तरांना फार बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं.

“पुढच्या गल्लीत बरेच आहेत,” ती म्हणाली. “मी सावकाश घेते. बघून घ्या.”

मास्तरांनी काच पूर्ण खाली केली आणि हाताचा कोपर खिडकीवर टेकवून बसले.